मस्टरबाहेरचे

पन्नास वर्षं झाली म्हणून युनियनने सांगितलं,
धाडवे, तुमचं अक्षर चांगलं, इतिहास तुम्हीच लिहा.
भोसरीचा कारखाना आता नाही, तिथे गाद्यांचं शोरूम आहे.
पण मस्टर माझ्याकडे आहेत,
एकोणीस, लाल कापडी बांधणीचे,
माळ्यावर, बायकोच्या शिव्या खात.

पहिलं वाक्य मला पाठच होतं:
'सकाळी सातच्या भोंग्याला कामगारवर्ग जन्माला आला.'
वाचून दाखवलं. टाळी पडली. चहा आला.
चहा आणणाऱ्या पोराला मी नाव विचारलं नाही
हे परतताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला लक्षात आलं.

मस्टरला रकाने सहा.
तिकीट नंबर, नाव, खातं, आत, बाहेर, शेरा.
तीस वर्षं मी त्यात माणसं बसवली.
जो बसला नाही, तो नव्हता.

चौऱ्याऐंशी साल, खंडेनवमीची आदली दुपार.
पूजेसाठी प्रेस पुसायला ठेकेदाराची चार माणसं आली होती.
अंकुश गेजगे. उजव्या हाताची तीन बोटं.
साहेब म्हणाले, याला तिकीट आहे का?
मी पानं उलटली,
मुद्दाम सावकाश, जणू सापडेल.
आणि शेऱ्यात लिहिलं, निळ्या शाईत, माझ्या चांगल्या अक्षरात:
'इसम बाहेरचा. नोंद नको.'
दुसऱ्या दिवशी त्याच प्रेसला झेंडूचा हार.
पेढा मीही खाल्ला.

निवृत्त माणसाला वेळ असतो.
वाचनालयात एका जाड पुस्तकात फोटो पाहिला,
मॉरिशसच्या बंदरातली वही.
बोटीतून उतरलेले गिरमिटिये, काही आपल्याच कोकणातले.
नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण.
'डाव्या भुवईवर व्रण.'
काय गोलाई त्या अक्षराला!
कुणीतरी टेबलामागे बसून लिहिलं असेल, घाम टिपत,
एक काना ओळीबाहेर न जाऊ देता.
मला उतरलेल्या माणसाची ओळख पटायला हवी होती.
पटली ती लिहिणाऱ्याची.

मग झोप नाही.
उसाच्या मळ्यातली विकत घेतलेली माणसं,
त्यांच्या वहीत पगाराचा रकानाच नाही, किमतीचा आहे.
बोटीच्या पोटात कोळसा लोटणारे खलाशी,
बापाच्या नावावर सूत ओढणारी पोरं,
आणि आमची सगुणा.
मी सातला आत गेलो तो तिच्या चारच्या भाकरीवर.
तिचं खातं कुठलं?
भोंगा व्हायच्या आधी तीन तास
जग कामावर आलेलं होतं.
पहिलं वाक्य मी खोडलं.

गेजगे वारला. विचारत विचारत काशेवाडीत गेलो.
त्याची बायको सुंद्राबाई सुपात तेंदूची पानं घेऊन बसलेली,
बोलताना बोटं थांबत नव्हती.
तिची दहाही शाबूत, मी मोजली.
म्हटलं, इतिहास लिहितोय, नव्यानं.
माफीचं वाक्यही पाठ करून आलो होतो,
ते घशातच राहिलं.
ती म्हणाली, लिवा की.
पर आधी ह्ये लिवा:
ठेकेदार हजारामागं पन्नास बिड्या छाट काढतो,
आन छाटल्याली टाकत न्हाई, इकतो.
ती माजी पन्नास कुनाच्या वहीत हाईत?

मी पिशवीतून वही काढली, आणि सवयीने
माझी जुनी स्टीलची पट्टी.
तिची नात जवळ येऊन बघत होती.
रेघा कशाला, आजोबा?
नुसतं लिहा ना.

त्या दिवशी चार पानं झाली, वाकडीतिकडी,
अक्षर म्हणाल तर काहीच नाही.
पट्टी तिथेच राहिली.
परवा आणायला गेलो तर सुंद्राबाई म्हणाली, ऱ्हाऊ द्या,
पान कापाय मापाला बरी पडती.